रिकाम्या वसतिगृहाची हौस

पोचबाईंच्या निरोप समारंभात सात जणांनी भाषणं केली. सातही जण खोटं बोलले असं मी म्हणणार नाही; ज्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं तो बोलला. प्राचार्य म्हणाले, बाईंनी हजारो घरं जोडून ठेवली. एक माजी विद्यार्थी, जो आता मोठा डॉक्टर आहे आणि पहिल्या वर्षी उशीत तोंड खुपसून आईच्या नावाने रडायचा, त्याने स्टेजवर बाईंना मिठी मारली आणि पुन्हा एकदा रडून घेतलं. मला कुणी बोलायला सांगितलं नाही. एकवीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर, एकाच पंख्याखाली बसले, पण कारकून बाईच्या हातात माईक कोण देतो? बरंच झालं. मला माईक मिळाला असता तर मी चिमटीबद्दल बोलले असते, आणि मग पुढचा चहा कुणाच्या घशाखाली उतरला नसता.

आमच्या कॉलेजच्या वसतिगृहाच्या दोन इमारती, एक मुलांची, एक मुलींची, आणि मध्ये ऑफिस. ऑफिसला व्हरांड्याकडे उघडणारी एक खिडकी होती आणि खिडकीवर पाटी: ‘पालक संपर्क’. त्या खिडकीत पोचबाई. त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि ते तिथेच राहिलं. सुट्टीला पोरं घरी गेली की प्रत्येक घरातून ‘मूल सुखरूप पोचलं’ असा निरोप खिडकीत आलाच पाहिजे, हा बाईंचा नियम. फोन करा, मेसेज टाका, शेजाऱ्याकडून कळवा, पण पोच द्या. पोच आली नाही तर बाई स्वतः फोन लावायच्या आणि बापाला असं झाडायच्या की पुढच्या सुट्टीत पोरगं उंबरठा ओलांडायच्या आत त्याची पोच हजर असायची. म्हणून पोरांनी नाव ठेवलं पोचबाई. बाईंना ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं.

कामात त्या बिनतोड होत्या, हे मी जळफळत का होईना कबूल करते. पहिल्या वर्षाच्या आया डोळे पुसत खिडकीशी यायच्या, तेव्हा बाई त्यांना सांगायच्या, "आठवड्यातून दोन फोन. तिसरा केलात तर तो मी उचलेन, आणि माझ्याशी बोलून तुम्हाला काही बरं वाटायचं नाही." एका बापाला रोज जाणून घ्यायचं असायचं, की पोरगा आंघोळ करतो का. त्याला म्हणाल्या, "काका, वास यायला लागला की कळवते." एकदा एक मुलगा पाच दिवस कॉटवरून उठला नाही. सगळे म्हणाले, आईबापाला बोलवा. बाईंनी आईबापाला सोडून मोठ्या बहिणीला बोलावलं. ती आली, दार लावून दोन तास त्याच्याशी भांडली, आणि संध्याकाळी तोच मुलगा मेसमध्ये दुसऱ्यांदा वाढून घेत होता. कुणाच्या घरातलं कोणतं माणूस कशाच्या उपयोगाचं, हे बाईंना फोनवरच्या आवाजावरून कळतं, अशी आमची सगळ्यांची समजूत होती. त्यांची तर होतीच होती.

खोड एकच. सुट्टीत वसतिगृह पुरतं रिकामं झालं पाहिजे. रिकामं म्हणजे रिकामं. एक कॉट जरी भरलेली राहिली तरी बाईंना अन्न गोड लागायचं नाही. याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चिडून, मी ‘सुट्टीत राहणाऱ्यांचा फॉर्म’ जरा जास्तीचा छापून ठेवला होता म्हणून. बाई स्वतः सहाव्या वर्षापासून वसतिगृहात वाढल्या. आई गेलेली, बापाने दुसरा संसार थाटलेला, आणि या पोरीचं काय करायचं ते कुणी ठरवलंच नाही. सुट्टी लागली की बाकीच्या मुलींना न्यायला कुणी ना कुणी यायचं. मागे राहायच्या दोघीच, ही आणि स्वयंपाकीण. "चाळीस ताटं मांडायच्या टेबलावर मी एकटी जेवलेय, अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. "आणि तू फॉर्म छापतेस." तेव्हापासून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं, की सुट्टीत मागे राहिलेलं पोर म्हणजे कुणीतरी टाकलेलं पोर. जायला घर असलं की पोराने जावं. घर धड नसेल तर घराला शिकवावं.

घराला शिकवायला त्यांनी एक कागद काढला होता: ‘सुट्टीत मूल घरी येतं तेव्हा’. नऊ नियम. टाइप मी केला, चुका मी सुधारल्या, म्हणून मला तो अजून तोंडपाठ आहे. दारातच निकालाचं विचारू नका. पहिले तीन दिवस हवं तेवढं झोपू द्या. घरातला त्याचा कोपरा होता तसा ठेवा. आवाज चढवू नका. चढलेल्या आवाजाने मूल दुरावतं. सहावा नियम बाईंचा लाडका: घरातलं एखादं लहानसं काम त्याच्या हाती द्या, म्हणजे त्याला पाहुण्यासारखं वाटणार नाही. आणि नववा: परत जाण्याबद्दल दडपण आणू नका, निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या. चांगला कागद होता. माझ्या धाकट्या भावाने तो वाचून त्याच्या मुलाशी वागणं बदललं, आणि त्या घरात खरंच फरक पडला. हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई मूर्ख होत्या.

आता चिमटी. गणिताच्या तिसऱ्या वर्षाला होती. अंगाने एवढीशी, चिमटीत मावेल अशी, म्हणून ते नाव. आकड्यांशी बोलताना वाघीण, माणसांशी बोलताना मांजर. तिच्या खात्याचे सर म्हणायचे, ही पोरगी पदवी घेऊन बाहेर पडली की तिला कुणी थांबवू शकणार नाही, फक्त पदवी हातात पडू दे. पण पहिल्या वर्षापासून एकाही सुट्टीला ती घरी गेली नव्हती. कधी प्रकल्प, कधी ताप, कधी सरांचं काम. दर सुट्टीत दोनशे चौदापैकी दोनशे तेरा जायचे आणि ही राहायची. बाईंच्या डोळ्यांत ती कुसळासारखी सलत होती.

तिच्या बापाला आम्ही एकदा पाहिलं होतं. घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून ऑफिसात त्याचं नाव घड्याळजी. ती पहिल्या वर्षाला असताना फाटकावर आला आणि असा काही आरडाओरडा केला की खिडक्याखिडक्यांतून पोरं डोकावायला लागली. "चल आत्ताच्या आत्ता! तिकडे म्हातारा पडलाय आणि ही इथे आकडेमोड करते!" चिमटी फाटकाच्या आत उभी. थरथर कापत होती, पण पाऊल हललं नाही. "मी येणार नाही," एवढंच म्हणाली, तीनदा. तो बोंबलून बोंबलून घसा बसल्यावर निघून गेला. चिमटी तशीच तोंड धुवून तासाला गेली. त्या दिवशी मला वाटलं, हिच्या केसालाही कुणी धक्का लावू शकत नाही.

शेवटच्या सत्राआधीची मोठी सुट्टी जवळ आली. एक दिवस दुपारी चिमटी राहण्याचा फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आली. जेवायची वेळ झाली होती, मी डबा काढून बसले होते. फॉर्मवर शिक्का मारायचा की नाही ते माझ्या हातात होतं. मारला असता तर बाईंनी आठवडाभर तोंड फुगवलं असतं, बाकी काही नाही. मी म्हटलं, "बाईंना विचार." डबा गार झाला तर मला आवडत नाही. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

बाईंनी फॉर्म वाचला आणि तिला समोर बसवलं.

"का नाही जायचं?"

"गेले तर परत येता येणार नाही, बाई."

"असं प्रत्येक जण म्हणतो. बांधून ठेवणारेत का तुला?"

"बांधून नाही. आजोबा तीन वर्षं अंथरुणावर आहेत. अर्धं अंग गेलंय. ताई होती तोवर ती करायची, ती लग्न होऊन गेली. आता आई करते. बाबांना वाटतं मी करावं."

"मग तुला तुझ्या आईला भेटावंसं वाटत नाही?"

चिमटी म्हणाली, "वाटतं, म्हणूनच जात नाही."

यापेक्षा स्वच्छ कुणी काय सांगायचं? पण बाईंच्या कानात एवढंच शिरलं, की पोरीला आई हवी आहे आणि बाप आडवा येतोय. बापाला सरळ करू, म्हणजे झालं. त्यांनी फॉर्मची घडी घातली आणि खणात टाकली. "तुझ्या बाबांशी मी बोलते. तू बॅग भर."

त्यानंतर बारा दिवस रोज सकाळी अकराला घड्याळजीला फोन. पहिल्या दिवशी तो ओरडला. बाई त्याच्याहून हळू बोलत राहिल्या. दुसऱ्या दिवशी कमी ओरडला. चौथ्या दिवशी म्हणाला, "बाई, जरा थांबा, पेन घेतो." बाईंनी रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं, परीक्षेत पहिली आल्यासारखा चेहरा. मग एकेक नियम त्याला समजावून दिला. तो शंका विचारायचा, आणि शंका अशा नेमक्या, की मलाही कौतुक वाटायला लागलं. झोपू द्यायचं म्हणजे किती वाजेपर्यंत? कोपरा तसाच ठेवायचा, पण रंग उडालाय, तो दिला तर चालेल का? लहान काम म्हणजे किती लहान? बाई म्हणाल्या, "अगदी पाच मिनिटांचं. रोज एक. तिला वाटलं पाहिजे, की आपल्यावाचून इथे अडतं." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तेव्हा मी जावक टपालाच्या नोंदी करत होते आणि मान वर करून पाहिलंही नाही.

सुट्टीच्या दिवशी बाई चिमटीला स्वतः बस स्टँडवर सोडायला गेल्या. पोरीने काही भांडण केलं नाही. बाईंनी तिला जागा पकडून दिली, पाण्याची बाटली दिली, आणि बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभ्या राहिल्या. परत आल्यावर दोन्ही इमारतींचा एकेक मजला फिरल्या. मी खाली जिन्याशी होते. वरून त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, आणि मध्येच त्या गुणगुणत होत्या. एकवीस वर्षांत त्यांना गुणगुणताना मी तेवढ्याच वेळी ऐकलं. संध्याकाळी घड्याळजीची पोच आली: ‘पोचली. जेवली. झोपली आहे. काही विचारलं नाही.’ बाईंनी फोन माझ्या नाकासमोर धरला. "बघ," म्हणाल्या. "माणसं वाईट नसतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं."

सुट्टी संपली. दोनशे तेरा परत आले.

आमच्याकडे नियम असा, की सत्र सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत विद्यार्थ्याने नोंदणीच्या फॉर्मवर स्वतः सही करायची. अकराव्या दिवशी नाव कमी. शेवटच्या सत्राला नाव कमी झालं तर पदवी गेली. पुन्हा पहिल्यापासून प्रवेश, आणि तो कोण देतो? तिसऱ्या दिवशी बाईंनी फोन लावला. घड्याळजी लोण्यासारखा मऊ बोलला. "मी तिला थांब म्हटलेलं नाही, बाई. एका शब्दाने नाही. तुम्हीच सांगितलं होतं ना, तिचं तिला ठरवू द्या. तिला देतो." मग चिमटीचा आवाज: "मी येत नाहीये, बाई. कुणी अडवलेलं नाही. फोन ठेवते, आजोबांची कूस बदलायची वेळ झाली."

बाई म्हणाल्या, बाप शेजारी उभा राहून बोलायला लावतोय. पाचव्या दिवशी तेच म्हणाल्या, सातव्या दिवशी तेच. मला तसं वाटत नव्हतं, पण मी मूग गिळून होते. आठव्या दिवशी त्यांनी प्राचार्यांचं डोकं खाऊन खास परवानगी मिळवली: फॉर्म मुलीच्या घरी नेऊन सही घ्यायची, शिक्का तिथेच मारायचा. शिक्का माझ्या ताब्यातला, म्हणून मीही निघाले. पाच तासांचा प्रवास. बाई बसमध्ये सबंध वेळ भाषणाची तयारी करत होत्या, घड्याळजीला कुठे कसं धरायचं त्याची.

खाली दुकान, वर घर. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसला होता. आम्हाला पाहून उठला, आणि काय सांगू, आनंदाने उठला. "या, या! बाई, तुमचे उपकार कसे फेडू मी?" हात पुसून जिन्याने पुढे झाला. वर गेल्यावर आधी आम्हाला चिमटीचा कोपरा दाखवला. नवा रंग, टेबल, टेबलावर तिची शाळेतली पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली. कपाटाच्या दारावर आमचा कागद चिकटवलेला, लाल पेनने खुणा केलेल्या.

"मी पूर्वी मूर्ख होतो," तो म्हणाला. "ओरडायचो. ओरडून काय होतं? पोर लांब जातं. तुमचा सहावा नियम म्हणजे सोनं हो. पहिल्या दिवशी मी तिला फक्त बापूंना, तिच्या आजोबांना, पाणी पाजायला दिलं. चमच्याने. पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी दाढी. मग भरवणं. आठवड्याने कूस बदलणं. घाई केली नाही मी. तिला सवय झाली आणि बापू तिच्याच हातून खायला लागले, दुसऱ्या कुणाच्या नाही. मग हिची पाठ धरली." बायकोकडे बोट केलं. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर ताठ बसली होती, कमरेला पट्टा. "तरी मी पोरीला एका शब्दाने राहा म्हटलं नाही. हवं तर विचारा."

"मी जा म्हटलं होतं हो तिला," आई हळूच म्हणाली. "रोज म्हणत होते." हे म्हणताना तिने खुर्चीत जरा सरकायचा प्रयत्न केला, तोंडातून कण्हण्याचा आवाज निघाला, आणि आतल्या खोलीतून लगेच चिमटी म्हणाली, "आई, हलू नकोस, मी आले."

केसाने गळा कापणं म्हणतात ते मी वाचून ऐकून होते. पण कापणाऱ्यालाच पत्ता नाही आणि तो समोर हसत उभा आहे, असं पहिल्यांदा पाहिलं. मला त्याचा राग येईना. राग येत होता तो बाईंचा, आणि बाईंचा म्हणता म्हणता माझाच.

आतल्या खोलीत म्हातारा पडला होता. धिप्पाड देह, अर्धा मेलेला. चिमटी त्याच्या हनुवटीवरचा साबण टिपत होती. दोन महिन्यांत तिचे खांदे रुंद झाल्यासारखे दिसत होते. आम्हाला पाहून तिने हात पुसले आणि बसायला स्टूल दिलं. बाईंनी भाषणाला सुरुवात केली खरी, पण दोन वाक्यांत ते गळून पडलं, कारण ते बापासाठी तयार केलेलं होतं आणि इथे बापाविरुद्ध बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"सही कर," बाई शेवटी म्हणाल्या. फॉर्म पुढे धरला. "चार महिने. चारच महिने आहेत गं. मग पदवी घेऊन परत ये हवं तर. पण ही सही कर."

"ते ओरडायचे तेव्हा बरं होतं, बाई," चिमटी म्हणाली. "राग यायचा. रागात बॅग भरता येते. आता कुणावर रागावू? बाबा रोज विचारतात, चहा देऊ का. आई म्हणते, जा. मग मी निघायचं कसं?"

"एखादी बाई ठेवतील. कामाला."

"तीन ठेवल्या. तिघी पळाल्या. आजोबा चावतात." तिने बाही वर केली. कोपराखाली दातांची खूण होती, पिवळी पडलेली. "मलाही आधी चावायचे. आता नाही."

चिमटीने बाईंकडे नीट पाहिलं. चिडून नाही, एखादं उदाहरण सोडवायला घ्यावं तसं.

"चार महिने तुम्ही राहता का इथे?" तिने विचारलं. "टोमणा मारत नाहीये, बाई. खरंच विचारतेय. तुम्हाला माणसं सांभाळता येतात. तुम्ही राहिलात तर मी आत्ता सही करते, आत्ताच्या गाडीने यांच्याबरोबर जाते."

रजेचं रजिस्टर माझ्याकडे असतं. बाईंची साडेआठ महिन्यांची रजा शिल्लक होती. आयुष्यात त्यांनी रजा घेतलीच नव्हती, घेऊन जाणार कुठे? मला ते त्या क्षणी आठवलं, त्यांनाही आठवलं असणार, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी ओळखलं. मी काही बोलू नये, असं ते पाहणं होतं. मी बोलले नाही. माझीही पाच महिन्यांची रजा होती, आणि मला कुणी विचारलं नव्हतं.

"माझं वसतिगृह आहे ना गं," बाई म्हणाल्या. "दोनशे पोरं आहेत तिथे."

"हो. ते आहेच," चिमटी म्हणाली. एवढ्या सहज म्हणाली की जणू उत्तर तिला आधीच ठाऊक होतं आणि फक्त ताळा करून पाहायचा होता. मग उठली. "आलाच आहात तर जरा हात लावा. तिघी असलो की पटकन होतं. बाई, तुम्ही पाय धरा."

आम्ही म्हाताऱ्याला उचलला. मी कंबर धरली, चिमटीने खांदे, बाईंनी पाय. जड होता तो, आणि गरम. चादर काढली, नवी घातली, त्याला दुसऱ्या कुशीवर ठेवला. सगळा वेळ तो बाईंकडे डोळे वटारून बघत होता आणि बाई त्याच्या पायांकडे. फॉर्म स्टुलावर पडून होता. कामात तो खाली पडला, तेव्हा चिमटीनेच उचलून, फुंकर मारून बाईंच्या पिशवीत नीट ठेवला, दुमडू न देता.

निघताना जिन्याच्या तोंडाशी चिमटीने मला थांबवलं.

"माझी कॉट कुणाला दिली?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण तिने इतकं सरळ विचारलं, की तोंडातून खरंच बाहेर पडलं. "पहिल्या वर्षाची एक मुलगी आहे. प्रतीक्षा यादीतली. सहाव्या दिवशी दिली." म्हणजे आम्ही हा फॉर्म घेऊन निघायच्या दोन दिवस आधी. रिकामी कॉट ठेवून यादीतल्या पोरीला परत पाठवणं माझ्या जिवावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर ही येणार नाही हे मला बाईंच्या आधी कळलं होतं.

"तिला सांगा," चिमटी म्हणाली, "सकाळी ऊन डोळ्यांवर येतं तिथे. उशी पायाकडच्या बाजूला घ्यायची." आणि आत गेली.

परतीच्या बसमध्ये बाई तासभर खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांची मला कीव आली, हे मी नाकारत नाही. सहा वर्षांची एक पोर लांब टेबलाशी एकटी जेवतेय, असं काहीबाही माझ्या डोळ्यांपुढे यायला लागलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवणार, तेवढ्यात त्या वळल्या.

"तू कॉट दिलीस?"

"दिली."

"सहाव्या दिवशी? मला न विचारता?"

"हो."

"मग ती कशी येईल?" बाई म्हणाल्या. "तिला कळलंच असणार ना मैत्रिणींकडून. आपली जागाच गेली म्हटल्यावर पोरीने यायचं तरी कशाला? तरीच म्हटलं मी, माझ्या समजावण्यात कमी कुठे पडलं." आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. खांदे सैल झाले, कपाळावरची आठी गेली. त्यांनी श्वास सोडला, पिशवीत हात घातला, फॉर्म बाजूला सारून तळातून डबा काढला. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. भुकेल्या माणसासारख्या त्या जेवल्या, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "असू दे. तूही काही मुद्दाम नाही केलंस." अर्धा डबा माझ्यापुढे केला.

मलाही भूक लागली होती. मी खाल्लं.